नाव घेऊन केलेली प्रार्थना

रविवार, २

बैठकीच्या खोलीचं दार गेले कित्येक दिवस कुरकुरत होतं. हे म्हणत होते, सुताराला बोलावू. मी आज बिजागरीत तेल सोडलं आणि विषय संपवला. या महिन्यात रोजच्या साध्यासुध्या घडामोडीतून एकेक शिकवण काढून इथे लिहायची, असा नेम मी केला आहे. बुधवारच्या प्रार्थनेच्या बैठकीत पुढेमागे वाचून दाखवता येतील. आजची शिकवण: जे कुरकुरतं त्याला बोलणी नकोत, तेल हवं.

ह्यांना वाचून दाखवली. म्हणाले, "मग मला आजवर बोलणीच का?"

मंगळवार, ४

दुपारी भावजयीच्या दुकानात गेले होते. कोटाचं अस्तर बदलायला टाकलं होतं, ते तयार आहे का बघायला. माझ्या धाकट्या भावाची ही बायको गेली कित्येक वर्षं कोपऱ्यावरच्या त्या एका खोलीत शिवते. दोन मशिनी, कापड बेतायचं लांब टेबल, आणि डोकं नसलेला एक लाकडी पुतळा. हाताने केलेल्या काजांसाठी लोक तिच्याकडे लांबून येतात.

मी आत गेल्यावर तिने शटर अर्धं खाली ओढलं. म्हणाली, "ताई, बसा. एक दाखवायचंय." आणि उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होतं, बोटांत न दिसणारा दोरा वळत असल्यासारखं. ती हलवत नव्हती. ते आपोआप हलत होतं.

"डॉक्टर म्हणतात, सावकाश चालणारा आजार आहे. सकाळची गोळी घेतली की दुपारपर्यंत हात माझे असतात. तेवढ्या वेळात मी सगळं करते. बेतणं, काजं, सगळं."

"माझ्या भावाला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. कुणालाच नको. दुकान भाड्याने देऊन घरी बस, हे टुमणं त्यांनी दोन वर्षं लावलंय. हे कळलं की उद्याच कुलूप लावतील. आणि गिऱ्हाइकं? शिंपिणीचा हात थरथरतो हे कळल्यावर कोण रेशीम देईल हातात?" टेबलावर मोतिया रंगाचं रेशीम पसरलेलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या मुलीचा लग्नाचा पोशाख. "एवढा शिवून झाला की मी स्वतःच सांगेन त्यांना. माझ्या तोंडाने. तोवर नको."

मी शब्द दिला. सांगायला तिने मला निवडलं याचं बरं वाटलं. सख्ख्या बहिणी सोडून ती माझ्याकडे आली. वसतिगृहाची रेक्टर म्हणून मुलींची गुपितं मी आयुष्यभर सांभाळली आहेत, ते माणसाच्या चेहऱ्यावर दिसत असावं.

शिकवण: विश्वास मागून मिळत नाही, वागून मिळतो.

बुधवार, ५

आज प्रार्थनेची बैठक फार चांगली झाली.

आमची रीत अशी आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही बायका गोल बसतो. प्रत्येकीने आपल्याला देवाकडे कुणासाठी काय मागायचं आहे ते मोठ्याने सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून तेच मागायचं. पूर्वी बायका "सगळ्यांचं भलं कर" असं पुटपुटून मोकळ्या व्हायच्या. ते मी बंद केलं. नियमच घातला: मोघम प्रार्थना नको. नाव घ्या, अडचण सांगा, काय हवं ते स्पष्ट मागा. पत्ता नसलेलं पाकीट टपालवाल्याने कुठे टाकायचं?

बँकवालीने (ही बँकेतून निवृत्त झालेली आमची खजिनदार) नेहमीप्रमाणे गुडघे मागितले. एकीने नातवाची परीक्षा. माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, "कोपऱ्यावर शिवणाचं दुकान असलेली माझी भावजय. तिच्या हातांना कंपाचा आजार जडला आहे. देवा, ते हात स्थिर कर. घरच्यांनाही न सांगता ती हे एकटी सोसते आहे, तिला धीर दे."

बँकवालीला रडू आलं. मुख्याध्यापिकाबाई डोळे मिटून होत्या, त्यांच्या भुवया मात्र वर गेल्या होत्या. त्याही हेलावल्या असाव्यात.

तिला दिलेला शब्द मी मोडलेला नाही. माणसाला सांगितलं नाही. देवाला सांगितलं.

शुक्रवार, ७

बाजारात मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या भावजयीला आता विश्रांती मिळायला हवी. आपण सगळ्यांनीच तिच्यावरचा भार कमी केला पाहिजे." किती समंजस बाई! मी त्यांना तसं म्हटलंही.

शिकवण: दुःख वाटून घेतलं की हलकं होतं.

रविवार, ९

सकाळी भावजयीचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"ताई, तुम्ही कुणाला काही बोललात का?"

"मी? छे."

"मुख्याध्यापिकाबाई काल येऊन रेशीम घेऊन गेल्या. म्हणाल्या, 'तुला त्रास नको.' त्यांच्यामागून बँकवाल्या बाई डब्यातून सूप घेऊन आल्या. माझ्या हातांकडे बघत होत्या. डबासुद्धा त्यांनी स्वतःच उघडून दिला."

"कुणी पाहिलं असेल तुला दवाखान्यात."

"असेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी "छे" म्हटलं ते खोटं नव्हतं. "बोलणं" म्हणजे गप्पा मारणं, चुगली करणं. ते मी कधी केलेलं नाही. ह्यांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली न करताच म्हणाले, "देव कुठल्या खुर्चीत बसला होता? मुख्याध्यापिकाबाईंच्या, की बँकवालीच्या?"

मी म्हटलं, थट्टेचा विषय नाही. ते म्हणाले, "मी थट्टा करत नाहीये."

आज शिकवण सुचली नाही. डोकं दुखतं आहे.

मंगळवार, ११

भाऊ आला होता. आल्या आल्या बसला नाही, पाणीही घेतलं नाही.

"ताई, माझ्या बायकोला काय झालंय हे मला शेजारच्या पेपरवाल्याने सांगावं? 'वहिनींच्या हाताचं ऐकलं, वाईट वाटलं,' म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मूर्खासारखं विचारलं, कुठला हात?"

"ती तुला सांगणारच होती."

"म्हणजे तुला माहीत होतं."

तो लहान असताना त्याला रागावून मी भिंतीकडे तोंड करून उभं करायची. आज मीच भिंतीकडे बघत होते.

"तिला विचारलं तर म्हणते, 'तुम्ही दुकान बंद कराल म्हणून नाही सांगितलं.' मी काय राक्षस आहे? पण आता तर बंद करणारच. दोघांना सांगून ठेवलंय, भाडेकरू बघा म्हणून. लोक तिच्याकडे कीव करत बघायला येतात, ते मी बघू शकत नाही." जाताना दारात थांबून म्हणाला, "बाहेर फुटलं कुठून, तेवढं कळायला हवं होतं."

त्याला अजून कळलेलं नाही. मी सांगितलं नाही. तो जिना उतरेपर्यंत मला वेळ होता, आणि मी तो जाऊ दिला.

बुधवार, १२

रात्रभर विचार करून ठरवलं, की चूक झाली असेल तर ती कबूल करायची. आजवर मुलींना मी हेच सांगत आले: चार लोकांत केलेली चूक चार लोकांत निस्तरावी. म्हणून आज बैठकीत सगळ्यांच्या आधी उभी राहिले. म्हटलं, माझ्या भावजयीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी इथे उघड केली. नवरा दुकान बंद करेल म्हणून ती त्याच्यापासून हे लपवत होती, गोळीच्या जोरावर दुपारपर्यंत शिवत होती, तो पोशाख हातचा जाऊ नये म्हणून धडपडत होती, आणि माझ्यामुळे सगळं बाहेर आलं. मी तिची आणि तुम्हा सगळ्यांची क्षमा मागते.

सगळ्याजणी फार चांगल्या वागल्या. बँकवालीने मिठी मारली. म्हणाली, "असं उभं राहायला वाघिणीचं काळीज लागतं." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमचा मोठेपणा."

घरी येताना पाऊल हलकं पडत होतं. उद्या भावजयीला जाऊन सांगेन.

गुरुवार, १३

नीट लिहिता येतं का बघते.

सकाळीच गेले. ती काज करत होती. कुणाचा तरी साधा सदरा होता. मी तिला सगळं सांगितलं: मीच बोलले, प्रार्थनेत बोलले, आणि काल सगळ्यांसमोर उभी राहून माफीही मागितली. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"माझं नाव घेऊन?"

"अगं, नाव घेतल्याशिवाय माफी कशी मागणार?"

"काय काय सांगितलंत?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझंच मला ऐकू येऊ लागलं. गोळीचं बुधवारपूर्वी कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यापासून लपवण्याचं कारण कुणाला माहीत नव्हतं.

ती हसली. ते हसणं मी विसरणार नाही. ती मला नेहमी ताई म्हणते. आज म्हणाली, "वन्सं, पहिल्या बुधवारी तुम्ही माझे हात दिलेत त्यांना. दुसऱ्या बुधवारी माझा संसार दिलात. आणि टाळ्या घेऊन घरी आलात."

"टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत."

"नाही वाजवल्या? मग काय दिलं त्यांनी?"

वाघिणीचं काळीज दिलं. मोठेपणा दिला. मी हे तिला सांगितलं नाही, पण तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिने सुई उचलली. बोटं थरथरत होती. सकाळ होती, तरी थरथरत होती. "तुम्ही जा आता," ती म्हणाली. "तुमच्यासमोर हात जास्त हलतो."

शनिवार, १५

कुणाशी बोलले नाही. हे दोन वेळा स्वयंपाकघरात येऊन गेले, काही न विचारता भांडी विसळून ठेवली.

स्वतःला खोदून विचारते आहे: बोलताना माहीत नव्हतं का, की मुख्याध्यापिकाबाई तिथे बसल्या आहेत? माहीत होतं. त्यांचंच रेशीम त्या टेबलावर होतं हे? माहीत होतं. मला सुचलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही. त्या दिवशी इतरजणींकडे गुडघे होते, परीक्षा होत्या. माझ्याकडे सगळ्यांत मोठं दुःख होतं, आणि तेही दुसरीचं. ते घेऊन उभी राहताना मला आनंद झाला होता.

सोमवार, १७

भावाकडे जाऊन सांगितलं, "फुटलं ते माझ्यापासून." तो म्हणाला, "तुझा आवाज लहानपणापासून तसाच आहे ताई. गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा." रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच्याकडून एवढं कळलं, की भावजयीने दुकान सोडायला साफ नकार दिला आहे. भाडेकरू बघायला आला तर टेबलाला धरून बसेन म्हणाली. भाऊ तेव्हापासून घरात जेवण्यापुरता येतो आणि एरवी बाहेर फिरतो.

बुधवार, १९

बैठकीला गेले नाही. घरीच प्रार्थना करायला बसले. ठरवलं होतं, मनातल्या मनात करायची, ओठही हलवायचे नाहीत.

जमलं नाही. एक वाक्यही पुरं होईना. आवाज नसला की समोर कुणी आहे असं मला वाटतच नाही. एवढी वर्षं मी स्पष्ट उच्चारात, वाक्य जुळवून, घसा साफ करून प्रार्थना केली. ती ऐकत कोण होतं, ते मी पाहायचीच नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. मी पाहायची. डोळे किलकिले करून पाहायची, कोण हेलावलंय ते.

संध्याकाळी बँकवाली आली. गुडघे धरत तीन मजले चढून आली, बिचारी. म्हणाली, "काळजी करू नका. आज आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली. तुमचं आणि भावजयीचं फाटलंय, तुम्हाला अन्न गोड लागत नाही, सगळं सांगितलं."

"कुणी सांगितलं?"

"मीच! नाव घेऊन सांगितलं. तुमचाच नियम ना?"

अन्न गोड लागत नाही हे तिला कुठून कळलं? ह्यांनी जिन्यात सांगितलं असेल, सहज. तिचा चेहरा इतका प्रेमळ होता की मला तिला काही म्हणता येईना. ती गेल्यावर मी दाराला कडी घातली. उद्या दूध आणायला खाली जावं लागेल, आणि चारजणी माझ्याकडे मान तिरकी करून बघतील. भावजयीला असे किती दिवस काढावे लागले? आणि तिने तर काही केलंही नव्हतं.

शनिवार, २२

मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेले. जाताना जिन्यात स्वतःला बजावलं होतं: एकच वाक्य बोलायचं.

"ते रेशीम माझ्या भावजयीला परत द्याल का?"

"अहो, पण तिची तब्येत... आता कसं आहे तिचं? काल म्हणे दुकान उघडलंच नाही. हात फारच का..."

उत्तर तोंडात तयार होतं. मला सगळं माहीत असल्याच्या आवाजात ते यायला निघालं होतं. मी ओठ मिटले. म्हटलं, "ते तिला विचारा."

"तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"ते सांगणं माझं काम नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "दुसरीकडे दिलं. कापूनही झालं." थोड्या वेळाने, जरा कमी आवाजात: "मुलगी माझ्याशी भांडली त्यावरून. तिला तिथलीच काजं हवी होती."

कापलेलं रेशीम परत येत नाही. मी नमस्कार करून निघाले. मी केलेल्या नुकसानातलं एवढं तरी भरून निघेल, असं मनात धरून गेले होते. नाही निघालं.

मंगळवार, २५

दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. हे माझ्या आयुष्यात क्वचितच झालं असेल. ती मशीनवर होती. वर न बघता म्हणाली, "उभ्या राहू नका, उजेड अडतो. बसा, नाहीतर जा."

बसले.

तिने हातातली शिवण पुरी करून दोरा तोडला. मग तिने एक परकर माझ्या मांडीवर टाकला. "तुरपाई येते?"

"येते की."

पाऊण घेर झाल्यावर तिने तो उजेडात धरला. "हे काय, वसतिगृहाच्या चादरी शिवताय? टाका दिसता कामा नये, वन्सं. उसवा."

उसवलं. पुन्हा घातली. ती पुन्हा म्हणाली, उसवा. तिसऱ्यांदा काही बोलली नाही, नवा कपडा टाकला. बोलण्यासारखं खूप मनात येत होतं. रेशमाचं, भावाचं, माझं स्वतःचं. सुई तोंडात धरली की गप्प बसता येतं, हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, २६

बैठकीला गेले. मागच्या खुर्चीत बसले. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "माझं काही नाही." सगळ्या वळून बघायला लागल्या. बँकवाली कुजबुजली, "अहो, भावजयीचं?" मी मान हलवली.

मग मी एवढंच म्हणाले, की मी घातलेला नियम मी मागे घेते. कारण विचारलं, ते सांगितलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी कारण न विचारता मान डोलावली. एक-दोघी नाराज झाल्या. एक म्हणाली, "मोघम मागून मोघमच मिळेल." हे वाक्य माझंच, कधीतरी मीच तिला ऐकवलेलं.

गुरुवार, २७

दुकानात. आज मुख्याध्यापिकाबाईंची मुलगी आली होती. मी खाली बघून तुरपाई करत राहिले. ती भावजयीला म्हणाली, "मावशी, पोशाख दुसरीकडे गेला, त्याला माझा इलाज नाही. पण लग्नानंतर घालायचा कोट तुम्हीच शिवायचा. घाई नाही."

भावजय म्हणाली, "माझा हात थरथरतो. दुपारनंतर मी कात्री धरत नाही. दिवस जास्त लागतील. चालेल?"

"चालेल."

इतकं सोपं होतं ते, तिच्या तोंडून. तिचं तिने सांगितलं, तिला हवं तेवढं, तिला हवं त्या माणसाला. मी चिमटीत सुई धरून बसले होते आणि मला वर बघवेना.

मुलगी गेल्यावर भाऊ आला. जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून बायकोला म्हणाला, "नवीन कारागीर ठेवलास?"

"कारागीर कसली! शिकाऊ आहेत. फार बडबड्या होत्या, आता जरा बरं आहे."

भाऊ हसला. भाडेकरूचं काही बोलला नाही. मी कात्री शोधण्याच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले.

शनिवार, २९

आज दुपारी गोळीचा जोर ओसरल्यावर तिने काम बाजूला ठेवलं. आम्ही दोघी शटर अर्धं ओढून बसलो. माझी तुरपाई चालू होती. बराच वेळ ती डाव्या हाताने उजवा हात धरून बसली होती. मग म्हणाली, "ताई."

आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नका, असं या वेळी म्हणाली नाही.

घरी आले तेव्हा हे दारातच म्हणाले, "उशीर झाला. काय चाललं होतं एवढा वेळ?" मी म्हटलं, "परकराचा घेर मोठा होता."

प्रार्थनेला बसले. ओठ मिटलेले राहिले. ती गोष्ट मनात होती, पण तिचं वाक्य मी केलं नाही. ज्याला ती कळायला हवी, त्याला ती स्वतः सांगेल.

इथेही लिहीत नाही.